सुपात

"मास्तर, वुई आर इन द सूप!"

फाटकाची कडी दोनदा वाजायची आणि सुभेदारांची ही आरोळी यायची. सिलिंडर संपो की स्कूटर अडो, सैन्यातल्या कुणा साहेबाकडून उचललेलं ते इंग्रजी ठरलेलं. असा एखादा शेजारी तुम्हालाही भेटला असेल.

ते आमच्या विश्रामबागेत नवे राहायला आले होते तेव्हाची गोष्ट. किल्ली हरवली, सुभेदारांनी आरोळी ठोकली, तर त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, सुपातले तांदूळच उपसायला घेतले. "आवं, सुपात न्हाई किल्ली!" त्या ओरडल्या. साहेबाचं सूप म्हणजे अडचण, हे मी समजावलं. तशा त्या म्हणाल्या, "मग हसा की! जात्यातलं रडत्यात, सुपातलं हसत्यात." आणि पदर तोंडाला लावून स्वतःच हसत सुटल्या. पुढे सुभेदार त्यांना हसवायलाच अडचणी शोधायचे.

मग वहिनींना विसरायला होऊ लागलं. आधी भाजीतलं मीठ, मग गल्ली, मग नवराच. "ह्ये पावनं कोन?" असं त्या मला विचारायच्या. सुभेदार कानाशी वाकून म्हणायचे, "इन द सूप." त्या खुदकन हसायच्या. मला तिथे थांबवत नसे.

एका दुपारी कडी एकदाच वाजली. सुभेदार अनवाणी उभे होते. ओठ हलले, पण इंग्रजी आलं नाही.

"मास्तर, ती घरात न्हाई वो."

आम्ही स्टँड पालथा घातला, नदीचा घाट पाहिला, पोलिसांत गेलो. कुठेच पत्ता नाही. वहिनींचं माहेर कोयनानगरकडचं. कुणी एसटीत बसवून दिलं असेल, या आशेवर सुभेदार तिकडे निघाले. मीही चप्पल घातली.

"नगं. तुमी हितंच ऱ्हावा. ती आली, तर माझं नाव सांगून उपेग न्हाई. इन द सूप म्हना. हसली, की मगच हात धरा. न्हाईतर लय घाबरती ती."

सुभेदार अजून फिरताहेत. कधी पाटण, कधी कऱ्हाड, कधी सातारा. फोनवर एवढंच विचारतात, "आली?" मी नाही म्हणतो. गेल्या वेळी ते म्हणाले, "मास्तर, आता जात्यात."

परवा जेवताना कडी वाजली. हातातला घास टाकून मी धावलो. वाराच होता. तरी त्या रिकाम्या फाटकाशी उभा राहून मी मोठ्याने म्हणालो, "इन द सूप, वहिनी!"