उपाशी चिपचा खुराक

डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीच्या कागदात, कुणी सरळ खोटं लिहीत नाही, म्हणूनच माझा तिच्यावर जास्त संशय! पेणला माझं इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचं दुकान. शाळा दहावीपर्यंत, पुढचं ह्या कागदांनी शिकवलं. प्रत्येक पानानं एकेक किस्सा गळ्यात मारला, तो वेगळाच.

*

एक एजंट पॉवर कन्व्हर्टरची चिप घेऊन आला. बॅटरीवरून पाच व्होल्ट करून देणारी. म्हणाला, "शेठ, लोड नसताना स्वतः फक्त वीस मायक्रोअँप खाते!"

"स्विचिंग, म्हणजे चिपचं खरं काम, चालू ठेवून मोजलंत, की थांबवून?"

त्यानं चहा संपवला. "तुम्ही इंजिनियर आहात?"

"नाही."

"तरीच विचारताय!"

*

तीच चिप मी निर्मलाताईंसाठी बनवलेल्या इशाऱ्याच्या डब्यात घातली. ताईंची भातशेती पेणच्या खाडीकाठी. बांधात पाणी सोडायचं दार असतं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. उधाणाला ते नीट मिटलं नाही की खारं पाणी थेट भातात! पाणी चढलं की डब्यानं ताईंना फोन करायचा. "पावसाळाभर बॅटरी बघायची नाही," मी छातीठोक सांगितलं.

दीड महिन्यात ताई डबा घेऊन हजर. "दादा, ह्यो मेला! पुढल्या उधाणाला पीक गेला तर तुमची चिप शिजवून खाऊ?"

*

रोह्याचे सुधीरभाऊ कंपन्यांची पॅनल दुरुस्त करतात. त्यांना बोलावलं. त्यांनी कागद उलटवला. "शेठ, शटडाउन करंट बघा. एकच मायक्रोअँप!"

"म्हणजे चिप बंद ठेवून. बंद चिप फोन कसा करणार?"

"फोन नाय करणार. पण बॅटरी काय टिकेल!"

*

मग पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांतली टीप सापडली. वीसचा आकडा स्विचिंग थांबवून, पंचवीस अंश तापमानाला मोजलेला. वर 'टिपिकल', म्हणजे साधारणपणे. कमाल आकड्याचा रकाना कोराच!

ताईंना समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे निजलेल्या माणसाची भूक मोजलीन, आन् त्याला लावणीला धाडलान!"

*

भाऊंनी बॅटरीच्या वायरीत मीटर लावला. सगळं मिळून दोन मिलिअँपच्या, म्हणजे दोन हजार मायक्रोअँपच्या वर. चिप सुटी करून मोजली, तर जेमतेम पन्नास मायक्रोअँप.

"चोर दुसराच हाय," भाऊ म्हणाले.

एजंट, कारखाना, बॅटरी, सगळ्यांवर माझा संशय घेऊन झाला. भाऊ मात्र डब्यावरच्या अखंड पेटलेल्या लाल दिव्याकडे बघत होते. "हा कुणी लावला?"

मीच! दिवा दिसला नाही की गिऱ्हाईक माल परत आणतं, म्हणून प्रत्येक डब्याला मी लावतोच. गपचूप सोल्डरिंग गन तापवली आणि काढून टाकला.

*

पुढचं मोठं उधाण भरदुपारी आलं. मी दुकानात बसून फोनकडे बघतोय. शेवटी मीच लावला. "ताई, डब्याचा फोन आला?"

"व्हय, आला की! उघाडीच्या फळीत लाकूड अडकलेला. काढला, दार मिटला. भात वाचला."

"बघा! किती वेळात पोचलात?"

"पोचायचा काय त्यात? सकाळधरनं हितंच बसलंय, डब्याच्या म्होरं. दिवा काढलात तुम्ही, मग जित्ता हाय का मेलाय ता कलायचा कसा?"