हात सोडवले

मध्यप्रांताच्या काळात मी बाळापूरच्या शाळेत मास्तर होतो. बाजारात वांगी विकणारा एक माळी माझ्या ओळखीचा होता. प्रत्येक गोष्ट तो दोनदा बोलायचा. "घ्या मास्तर, घ्या." भाव कमी कर म्हटलं की आधी ठाम नाही म्हणायचा आणि मग मूठभर मिरच्या पिशवीत टाकायचा. गावात कुणाची घागर विहिरीत पडली की लोक त्यालाच बोलवायचे, इतका तो बुडी मारण्यात तरबेज होता.

एका पावसाळ्यात नदीला अचानक पूर आला. पांढरी माती काढून काढून काठच्या दरडीत खोल गुहा झाली होती. तिथे माती खणायला गेलेलं जोडपं आत अडकलं आणि गुहेचं तोंड पाण्याखाली गेलं. माळ्याने कमरेला दोर बांधून बुडी मारली. बऱ्याच वेळाने तो बाईला घेऊन वर आला.

"माहा मालक आत हाये," ती धापा टाकत म्हणाली. "त्यायनं मले पुढं धाडलं."

पाणी चढतच होतं. काठावर बंदोबस्ताला आलेल्या फौजदाराने माळ्याचा दंड धरला. "आता जाऊ नकोस."

"त्याले सांगून आलो, येतो म्हनून. येतो म्हनून." दंड सोडवून तो पुन्हा पाण्यात गेला.

या खेपेला तो एकटाच वर आला. त्याच्या गळ्यावर नखांचे खोल ओरखडे होते. लोक शाबासकी देत होते. तो बाईसमोर जाऊन बसला.

"वाटेतच त्याचा दम सुटला. त्यानं मले घट्ट धरलं," तो म्हणाला. "मी त्याचे हात सोडवले, माय."

तिने ओला पदर पिळला आणि त्याच्या गळ्यावरचं रक्त पुसायला हात पुढे केला. तो झटकन मागे सरकला.

"नोको पुसू, माय. राहू दे."