झोपेच्या मंत्राचा उतारा

"आधी नियम, मंग जादू," असं म्हणत भाऊ टेबलावर बसलेला कापूस पंच्याने झटकत आणि रजिस्टर उघडत. त्याआधी कोणी चिठ्ठ्यांच्या डबीला हात लावला तर डबी उचलून मांडीवर ठेवत.

आदिलाबादकडे, इचोड्याजवळच्या एका गावातल्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, ते काट्यावर होते, म्हणजे कापसाच्या गाड्यांचं वजन करायचे. मी ऑफिसात कारकून. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, कामापुरतं बोलणारा आणि डोक्यात भलतंच काही चाललेला. भाऊंच्या डोक्यात जादूगार होते.

त्यांचा भाचा हैदराबादला शिकत होता. नोकरी लागून दूर गेला तेव्हा एक खोका मामाकडे टाकून गेला. त्यात टेबलाभोवती बसून खेळायचा एक इंग्रजी खेळ होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले जादूगार व्हायचं, आणि मंत्र फळला की फसला ते फाशांनी ठरवायचं. फासे भाच्याने हरवले होते, म्हणून भाऊंनी हिंगाच्या डबीत आकड्यांच्या चिठ्ठ्या भरल्या. कापूस संपला की उन्हाळ्यात जिनिंगला काम नसे. तो अख्खा उन्हाळा डिक्शनरी घेऊन त्यांनी नियम मराठीत उतरवले. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दवाखान्यातला कंपाउंडर, मी आणि भाऊ, असे आम्ही तिघे खेळत असू.

नियम थोडे आणि शंका फार. भाच्याच्या हैदराबादच्या मराठी मित्रांनाही त्याच शंका येत. ते भाऊंना कार्डं लिहू लागले. पुढे नांदेडहून, नागपूरहून पत्रं येऊ लागली. प्रत्येक शंका रजिस्टरात, समोर निर्णय, खाली तारीख. दर दोन महिन्यांनी त्याचं पत्रक निघे, शेटजींच्या परवानगीने, जिनिंगच्याच सायक्लोस्टाइलवर. माझं अक्षर चांगलं म्हणून स्टेन्सिल मी कोरायचो. खाली नाव भाऊंचं.

कबुतर झालेल्या जादूगाराला मंत्र म्हणता येतो का, ही नांदेडची शंका त्यांना बरेच दिवस पुरली. काट्यावर गाडी उभी असताना त्यांनी ती शेतकऱ्यालाच विचारली.

"कबुतर जाऊ द्या भाऊ," तो म्हणाला, "माही गाडी मोजा आधी."

भाऊंनी गाडी मोजली आणि निर्णयही दिला. येत नाही.

एका बाबतीत मात्र ते फार कडक होते. नवा मंत्र घालायचा तर त्याचा उतारा सोबत लिहायचाच. "बांधलं तं सोडता आलं पाह्यजे, बाबू," असं म्हणायचे. इथल्या मातीतलं काही त्यात आणू नको, लिंबू नको, राख नको, लोक खरं मानतात, हेही त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी तेव्हा पंचविशीचा, अतिशहाणा. एका पत्रकात थोडी जागा उरली आणि भाऊ गावाला गेले होते. मी माझा मंत्र कोरून टाकला. लिंबू, मसणातली राख, सात गाठींचा काळा दोरा, आणि शत्रू तीन दिवस झोपेत. उतारा सुचला नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार प्रयत्नही केला नाही. भाऊ परतले तोवर पत्रकं पोस्टात पडली होती. ते रागावले नाहीत. पुढच्या वेळी उतारा दे, एवढंच म्हणाले.

उरलेली पत्रकं मी रद्दीत दिली आणि रद्दी चहाच्या हॉटेलात गेली. त्याच आठवड्यात हमालांच्या मुकादमाची मुलगी तापाने पडली, शुद्धीवर येईना. तिसऱ्या दिवशी मुकादमाच्या हाती भजी बांधलेला तो कागद आला.

आमच्या भागात भानामतीचं नाव निघालं की पुढे विचार करायची कोणाची तयारी नसते. दुपारी जिनिंगच्या आवारात पन्नासेक माणसं जमली. मुकादमाने कागद पुढे धरला. तो रडत होता.

"भाऊ, खाली तुमचं नाव हाय. पोरगी तीन दिसाची झोपून राह्यली. काऊन बांधलं माह्या पोरीले?"

भाऊंनी कागद पाहिला. माझं अक्षर त्यांना ओळखू आलं नसेल, हे शक्यच नव्हतं. मी ऑफिसच्या दारात होतो, त्यांच्यापासून दहा पावलांवर. ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

"पत्रक माहंच हाय," ते म्हणाले. मग हा नुसता खेळ आहे म्हणून परोपरीने सांगू लागले. पोरीला आदिलाबादला न्या, जीप मी बघतो, असंही म्हणाले. कोणी ऐकेना.

"मंग उतारा द्या," मुकादम म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

"याचा उतारा नाई लेहला."

एखादा खोटा उतारा सांगितला असता तरी लोक घरी गेले असते. भाऊंना खोटं सुचलं नाही. आणि ज्याने खरं सांगायचं तो मी दाराची चौकट धरून उभा होतो. नोकरी जाईल, ठरलेलं लग्न मोडेल, हे सगळं मला त्या क्षणी सुचलं. ती मुलगी सुचली नाही. भाऊही नाही. त्याची लाज मला आजही वाटते, आणि ती कमी होत नाही.

त्यांना दोन-चार चपराका बसल्या. रजिस्टर त्यांच्याच हातांनी जाळायला लावलं. शेटजींनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मुलीला त्याच संध्याकाळी कंपाउंडरने आदिलाबादला नेलं. मेंदूत चढलेला मलेरिया निघाला, आणि ती बरी झाली. लोक म्हणाले, रजिस्टर जाळलं म्हणून वाचली. तोवर भाऊ बायकोमुलांना घेऊन गाव सोडून गेले होते. कुठे गेले, ते मी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांच्याकडे जावं लागलं असतं.

पत्रं येतच राहिली. ती माझ्याच टेबलावर पडत. नागपूरच्या एकाने लिहिलं होतं, झोपेचा मंत्र फार आवडला, पण त्याचा उतारा कोणता? ते कार्ड मी महिनाभर ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग एका दुपारी बसून उतारा लिहिला, भाऊंना पसंत पडला असता असा. ज्याने मंत्र घातला त्याने चार माणसांत उभं राहून स्वतःचं नाव सांगावं, म्हणजे झोपलेला जागा होईल.

खाली सही केली. भाऊंच्या नावाची.