आखाजीच्या आधी एसी गार करा

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. खिडकीतल्या एसीच्या फिल्टरवर धूळ बसते तसे ते आपोआप साचतात. फिल्टर निदान महिन्याला धुता येतो, किस्से डोक्यातच राहतात. जळगावात नानांच्या दुकानात मी बारा उन्हाळे एसी साफ केले. दुकानात आम्ही दोघंच. नाना फोन घ्यायचे, कंप्लेंट स्लिपवर लिहायचे, आणि मी हत्यारांची पिशवी घेऊन निघायचो. स्लिपच्या तळाशी ‘ग्राहकाचा शेरा’ अशी एक ओळ होती. ती भरून आणली नाही, तर काम झालं असं नाना मानायचेच नाहीत.

आता आमची रड ऐका. खानदेशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण, आणि तो येतो भर उन्हाळ्यात. ज्याच्या घरी एसी, त्याचा एकच धोशा, “लेक-जावई येताहेत, आखाजीच्या आधी मशीन गार करून द्या.” माझी बहीण शकू भुसावळला दिलेली. तिच्या सासूबाईंचा नियम असा, की माहेरचा मुराळी न्यायला आल्याशिवाय सून उंबरा ओलांडणार नाही. वडील गेलेले, मुराळी म्हणून जाणारा मी एकटाच. म्हणजे साऱ्या जिल्ह्याच्या लेकींसाठी मी खोल्या गार करत फिरायचो, आणि माझी बहीण तासाभराच्या वाटेवर पेटी भरून बसायची.

*

रावेरकडच्या एका केळीवाल्या आबांकडून कंप्लेंट आली, ‘मशीन पाणी ओकतं.’ गेलो तर खोलीत घोट्याएवढं पाणी. घराच्या मागे जाऊन पाहिलं. गच्चीवरच्या टाकीतून ठिबकची काळी नळी खाली आणली होती, आणि मशीनच्या पाठीवर चार ड्रिपर शिस्तीत टपकत होते.

“आबा, हे काय?”

“कूलरले पानी लागते, मंग याले काऊन नाही लागनार? पन पानी वाया जाऊ नये, म्हनून ठिबक लावलं.”

“याला पाणी लागतच नाही, आबा.”

आबांना ते पटलं नाही. मी आणि त्यांच्या सालदारानं मशीन उतरवलं. ते उतरवताना माणसाची कंबर कशी बोलते, हे ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. गाळ खरवडून, सगळं वाळवून पुन्हा बसवेपर्यंत दिवस मावळला. आबांनी स्लिपवर प्रामाणिकपणे शेरा लिहिला, ‘मेकॅनिक चांगला आहे. ठिबकची माहिती नाही.’

*

दाल मिलवाल्यांच्या वहिनींना मी सांगून आलो होतो, “फिल्टर महिन्याला साध्या पाण्यानं धुवा आणि सावलीत वाळवा.” पुढच्या खेपेला गेलो, तर फिल्टर गडद निळा.

“डाळीचा पिवळेपणा जाईना,” वहिनी म्हणाल्या. “दगडावर मोगरीनं बडवला, तरी जाईना. मग नीळ दिली.”

मी निळा फिल्टर तसाच मशीनमध्ये बसवला. बारा वर्षांत माझं सांगणं इतकं मनावर घेणारं ते एकच घर.

*

सराफ शेठजींच्या घरी खाली कारागिरांची खोली, वर शेठजींची निजायची. खालची बारीक धूळ वर्षभर वरच्या मशीनमध्ये जायची. मी कॉइल धुवायला घेतली, तर शेठजींनी स्वतः खाली पितळी परात सरकवली.

“पाणी सांडू देऊ नका.”

सराफाच्या घरची धूळ कोणी फेकत नाही, तिच्यात सोन्याचे कण असतात. मी दोन तास ब्रशनं एकेक पट्टी घासली. हात काळे झाले, केस राखाडी झाले, भूक मरून गेली. शेवटी हात धुवायला नळाकडे निघालो, तर शेठजी आडवे आले.

“तिकडे कुठे? परातीतच धुवा. डोकंही.”

*

मग धुळ्याची अक्का. ती ऐन आखाजीच्या दिवशी वाट्याला आली. मी शकूला कळवून ठेवलं होतं, दुपारी न्यायला येतो. नाना म्हणाले, “धुळ्याचं तेवढं उरक आणि तिथूनच भुसावळची गाडी धर.” घर अक्का आणि तिच्या मुलाचं. आत जावई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेला. मशीनची पाठ उघडायला गेलो, तर जाळीमागे पारव्याचं घरटं.

“हात लावू नको, भाऊ,” अक्का म्हणाली. “पिल्ले शेतस त्यामा.”

“मग साफ कसं करू, अक्का?”

“उडी जाऊ दे त्यासले. मंग कर.”

मुलगा आईला समजावत राहिला, मी पायरीवर स्पॅनर घेऊन बसून राहिलो. उन्हं कलली तेव्हा मुलानं हात टेकले. अक्कानं मला बसवून पुरणपोळी आणि आमरस वाढला आणि सहज विचारलं, “तुनी बहीण उनी का आखाजीले?”

भुसावळची गाडी केव्हाच गेली होती. घरी आलो, तर आई शकूसाठी निंबाला बांधलेल्या आखाजीच्या रिकाम्या झोक्याशी बसलेली. शकू दिवेलागणीपर्यंत पेटीवर बसून होती, हे नंतर कळलं. मला लाज वाटली. अजून वाटते.

*

पुढच्या वर्षी शकूची एकामागून एक तीन पत्रं आली. प्रत्येकाला मी मनात उत्तर लिहिलं. कामंच इतकी होती, की दुपारचा डबासुद्धा बसमध्ये खायचो. आखाजी तीन दिवसांवर आली आणि नानांनी स्लिप पुढे केली. भुसावळचे एक डॉक्टर, विंडो एसी, अजिबात गार होत नाही, अर्जंट. पत्ता शकूच्याच गल्लीतला. म्हटलं, मशीन उरकून पाच मिनिटं डोकावू आणि सण उलटला की नेतो म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजवली. डॉक्टरांनी दार उघडलं, आणि आतून चांगली गार हवा माझ्या तोंडावर आली.

“आमचं मशीन उत्तम चाललंय,” डॉक्टर म्हणाले. “फोन मात्र इथूनच झाला.” आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून समोर बोट दाखवलं.

समोरच्या ओट्यावर शकू नवं लुगडं नेसून पेटीवर बसली होती. मागे सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या.

“तीन कागद लिखात भाऊले, भाऊ उना नही,” शकू म्हणाली. “एक फोन कया मेकॅनिकले, मेकॅनिक दुसरा रोज हाजर.”

एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्यावर पेटी घेऊन मी बस स्टँड गाठला. बसमध्ये तिनं माझ्याकडून स्लिप मागून घेतली, गुडघ्यावर ठेवून काहीतरी लिहिलं आणि घडी करून माझ्या खिशात घातली. संध्याकाळी ती मी तशीच नानांपुढे ठेवली. नानांनी नेहमीप्रमाणे शेरा वाचला, चष्मा काढून पुसला, आणि चार दिवस दुकानात यायचं नाही असं मला बजावलं.

शेरा असा होता : ‘माणूस एक वर्ष उशिरा आला. बाकी काम समाधानकारक.’