शालनबाईंचा फळा आणि सहा टक्के

बिबवेवाडीत शालन ओव्हाळ कोण, असं विचारलं तर दहांतले नऊ जण नकारार्थी मान हलवतील. 'फळ्यावरच्या बाई' म्हणा, रिक्षावाला दारात आणून सोडेल. बाईंनी महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं चौथीला शिकवलं. निवृत्त झाल्या, पण हातातला खडू काही सुटेना. चौकात मित्रमंडळाचा एक वार्ताफलक होता. त्यावर वर्षातून दोनदाच लिहिलं जाई, एकदा गणपतीची वर्गणी आणि एकदा कुणाची तरी श्रद्धांजली. बाईंनी तो ताब्यात घेतला, कुणाला न विचारता. अध्यक्ष विरोध करायला आले, त्यांना बाईंनी 'अध्यक्ष' शब्दातला क्ष नीट काढून दाखवायला सांगितला. ते परत आले नाहीत.

तेव्हापासून नेम ठरला. सकाळी सहाला पेपर, त्यातल्या पाच बातम्या आधी वहीत आणि मग फळ्यावर. वहीत अशासाठी, की फळा रोज पुसला जातो आणि आपण काल काय लिहिलं ते विसरणारा माणूस बाईंना आवडत नाही.

बाई जन्माच्या भाडेकरू. अकरा महिन्यांचा करार, तो संपला की नवा करार, नाहीतर टेम्पो. सव्वीस वर्षांत सात घरं झाली. प्रत्येक करारात एक कलम हमखास असायचं : भिंतीला खिळा मारू नये. त्यामुळे बुद्धांची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी सव्वीस वर्षं कपाटावर भिंतीला टेकून उभ्या होत्या. रोज उचलायच्या, पुसायच्या, पुन्हा टेकवायच्या. आपल्या मालकीच्या भिंतीत एक खिळा मारायचा, एवढीच बाईंची हौस शिल्लक होती. ती काही मोठी नव्हती, पण पुण्यात तिच्यासाठी आधी भिंत विकत घ्यावी लागते.

आणि ती भिंत अगदी हाताशी आली होती. बाईंचे घरमालक हिंमतराव खालच्याच मजल्यावर राहत. वय एकोणऐंशी, बोलणं मोजकं आणि तेही बहुधा टोचणारं. वरचा फ्लॅट विकायचा त्यांनी ठरवला आणि पहिल्यांदा बाईंना विचारलं. बाईंच्या फंडात आणि लेकीच्या मदतीत बसेल असा आकडाही सांगितला. बाई आठवडाभर हवेत होत्या.

मग दसरा आला. पेपराबरोबर घरांची जाडजूड पुरवणी आली. तिच्यावर मोठा मथळा : 'घरांच्या बाजाराला झळाळी, घर घेण्याची हीच ती वेळ!' बाईंनी सवयीने तो जसाच्या तसा फळ्यावर उतरवला, वर झेंडूचं तोरणही काढलं. संध्याकाळी हिंमतराव जिना चढून वर आले.

"तीन लाख वाढले," ते म्हणाले.

"का हो?"

"बाजाराला झळाळी आली आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुम्ही."

बाईंच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. हिंमतराव पेपर घेत नसत. चौकात फुकट फळा असताना पैसे घालवणाऱ्यांतले ते नव्हते. सकाळी दूध आणायला जाताना फळा वाचायचा आणि तेवढ्या शिदोरीवर दिवसभर जगाबद्दल मतं द्यायची. म्हणजे बाईंच्या घराचा भाव बाईंनीच, सुंदर अक्षरात, वाढवून ठेवला होता!

त्या संध्याकाळी बाईंनी सगळ्या वह्या काढल्या आणि स्वतःवरच चिडत वाचत बसल्या. सात वर्षांचे सात दसरे, सातही वेळा 'हीच ती वेळ'. किमती वाढल्या तेव्हाही आणि उतरल्या तेव्हाही. वाढल्या की 'उत्साह', 'उभारी', 'झळाळी'. उतरल्या की 'सावट', 'ग्रहण', 'फटका'. पुरवणी पुन्हा उलटली तर झळाळीच्या बातमीशेजारीच पानभर इमारतीची जाहिरात. बाईंनी ती इतकी वर्षं पाहिली होती, पण जाहिरात फळ्यावर लिहायची नसते म्हणून डोळ्यांआड केली होती.

कांदा उतरला की पेपरात गृहिणीही हसते आणि शेतकऱ्याचे हालही छापून येतात. घर उतरलं की नुसतीच रडारड. हसणारं कुणी नसतंच का या गावात? 'मी आहे की!' बाई मोठ्यांदा म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या.

हिंमतरावांनी करार संपेपर्यंत, म्हणजे जानेवारीअखेरपर्यंत मुदत दिली. तीन लाख काही उभे राहिले नाहीत. बाईंनी खोकी जमवायला सुरुवात केली.

आणि जानेवारीच्या वीस तारखेला पहिल्याच पानावर आलं : 'घरांच्या किमती कोसळल्या! शहरावर मंदीचे सावट'. बाईंनी बातमी शेवटपर्यंत वाचली. जुन्या इमारतींतले दर सहा टक्क्यांनी कमी झाले होते. बातमीत चार जण बोलले होते, चौघंही विकणारे. सातव्या पानावर, अगदी तळाशी, एक वाक्य होतं : मागणी टिकून आहे, वर्षभरात दर सावरतील.

त्यांनी वाघोलीला राहणाऱ्या लेकीला, अक्षताला फोन लावला.

"आई, जॅकपॉट!" अक्षता ओरडली. "हेडलाइन जशीच्या तशी टाक. काका पॅनिक होतील, दहा लाख खाली येतील बघ."

"ते बरोबर नाही गं."

"तू खोटं कुठे लिहितेयस? पेपरच म्हणतोय ना? दसऱ्याला कॉपी केलंस, आत्ता पण कर. फेअर आहे."

बाई खडू घेऊन फळ्यासमोर उभ्या राहिल्या. 'घरांच्या किमती' एवढं लिहून थांबल्या. 'कोसळल्या' हा एकच शब्द लिहायचा होता. घरातल्या कपाटावरच्या तसबिरी चौकातून दिसत नव्हत्या, तरी दिसल्या. बाईंना हवंच होतं ते घर, फार हवं होतं, इतकं की लाज वाटावी. पण दुधाची पिशवी घेऊन येणारा तो म्हातारा आपल्या अक्षरावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, हेही खरं होतं.

त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं : 'जुन्या इमारतींत घरे सहा टक्के स्वस्त. घेणाऱ्यांना दिलासा. विकणाऱ्यांना घाई नसेल, तर वर्षभरात दर सावरतील असा अंदाज.'

शेवटचं वाक्य लिहिताना खडू दोनदा मोडला.

हिंमतराव आले. पिशवी या हातातून त्या हातात घेत दोनदा वाचलं.

"पेपर दाखवा."

बाईंनी दिला. आयुष्यात पहिल्यांदा हिंमतरावांनी मूळ बातमी वाचली.

"इथे 'कोसळल्या' आहे."

"तुमचं वजन सहा टक्के उतरलं तर तुम्ही कोसळलात म्हणू का?"

"आणि हे सावरण्याचं कुठे आहे?"

"सातव्या पानावर, खाली. चष्मा लावा."

त्यांनी चष्मा लावला, शोधलं, सापडलं.

"म्हणजे मी थांबावं, असं तुमचं म्हणणं."

"माझं म्हणणं काही नाही. थांबता येईल, एवढंच."

"एकोणऐंशीव्या वर्षी मला थांबायला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच." त्यांनी पेपराची नीट घडी घातली. "दसऱ्याचे तीन लाख सोडले. तेवढेच होतात सहा टक्के, मी हिशेब केला. पण आणखी घासाघीस चालणार नाही."

बाईंनी मान डोलावली. बोलायला गेल्या असत्या तर रडल्या असत्या, आणि चौकात रडायचं नाही असा त्यांचा नियम होता.

व्यवहार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाचवी बातमी होती : 'बिबवेवाडीत एक घर विकले गेले. घेणारी आनंदात आहे. विकणाऱ्याचेही बरे चालले आहे.'

त्या दुपारी बाई स्टुलावर चढल्या. पहिलाच खिळा, सवय नाही. एक वाकला, दुसरा वाकला. खालून जिन्यात पावलं वाजली. धापा टाकत हिंमतराव दारात उभे राहिले, हातात स्वतःची जड हातोडी.

"दुपारी एक ते चार आवाज करू नये, अशी पाटी मीच खाली लावली आहे," ते म्हणाले. "वाचली नाहीत?"

"वाचली."

"मग लवकर मारा." त्यांनी हातोडी पुढे केली आणि स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.