बेळगोळ रस्त्यावरची स्वस्त खोली

बाळाने दूध ओढता ओढता मान टाकली आणि मला खाटेवरून उठताच येईना. डोकं जड झालेलं, खाटेखाली कोळशाची बाळंतशेगडी, खोलीभर ओव्याच्या धुरीचा वास. "खिडकी उघडा," मी सासूबाईंना म्हटलं. "अय्यो, वारं लागेल ग बाळाला! गप पड," म्हणत त्यांनी दाराच्या फटीतही जुनं लुगडं कोंबलं. शहरातलं भाडं भरून चूल पेटेना, म्हणून आम्ही बेळगोळच्या रस्त्याला ही पत्र्याची खोली घेतली होती. "स्वस्त आहे, मेटगळ्ळीचा कारखाना जवळ, आणखी काय हवं?" असं नवरा म्हणाला होता. तिथे शेजार नव्हता, डॉक्टर नव्हता, बस फक्त सकाळ-संध्याकाळ. थोड्या वेळाने सासूबाईही भिंतीला टेकून खाली घसरल्या, तेव्हा मी बाळाला घेऊन सरपटत गेले आणि दार ढकललं. भर दुपारी रस्त्याकडे तोंड करून हाका मारल्या. ऐकायला कुणी नव्हतं. संध्याकाळी कारखान्यातली पाळी सुटल्यावर नवरा सायकलवरून आला. आता आम्ही पुन्हा शहरात, सरस्वतीपुरमात राहतो, गल्लीतच दवाखाना आहे, तरी कुठे ओव्याची धुरी आली की मी आधी खिडक्या उघडते. त्या खोलीतून आम्ही दोघी वाचलो, सासूबाई आणि मी.