घट्ट मिठीची कादंबरी

मला ऑटिझम आहे हे चाळिशीत कळलं. तोवर माझ्या चार कादंबऱ्या आल्या होत्या आणि त्यांतले नायक-नायिका एकमेकांच्या डोळ्यांत तासन्‌तास बघत बसले होते. मी स्वतः कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, कपाळाकडे बघते. पण प्रेमात असंच करतात असं वाचलेलं, म्हणून लिहीत गेले.

पाचवी मात्र खरी लिहायची ठरवली. हळुवार स्पर्शानं माझ्या अंगावर मुंग्या चढल्यासारखं होतं. घट्ट, वजनदार मिठी मारली की जीव शांत होतो. नायिकेला मी तसंच केलं. ती नवऱ्याला सांगते, गोंजारू नकोस, दाबून धर.

नारायण पेठेतल्या माझ्या प्रकाशकांनी हस्तलिखित वाचून बोलावून घेतलं. चष्मा पुसत म्हणाले, "बाई, हा प्रणय आहे की मालवाहतूक?"

मला टोमणे उशिरा कळतात. मी सरळ सांगितलं की प्रणयच आहे, पान उलटलंत तर दोघांचे कपडेही निघतात. त्यांनी चष्मा चढवून पान उलटलं. पुढे पुस्तक काढलं.

माझ्या नवऱ्याचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा आहे. तिथे आजवर माझं एक अक्षरही कुणी वाचलं नव्हतं. हे पुस्तक मात्र गाळ्यागाळ्यांतून फिरलं. शेजारचे व्यापारी त्याला विचारायचे, वहिनींनी लिहिलंय ते कल्पनेतलं की घरचं? तो म्हणायचा, घरचंच. तुम्ही कधी तुमच्या घरी विचारलंत का, काय आवडतं ते? मग विषय गुळाच्या भावावर जायचा.

खरी धास्ती सासूबाईंची होती. त्यांनी पुस्तक दुपारचं, दार लावून वाचलं. संपलं त्या संध्याकाळी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "ह्यांनी पाठीवरून हात फिरवलेला मलाही आवडत नाही. लग्नापासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

मी म्हटलं, आता सांगा. त्या लगेच उठतील असं काही वाटलं नव्हतं. मेथी हातात घेऊन त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि सासऱ्यांना सांगून मोकळ्या झाल्या. मी दाराआड जीव मुठीत धरून उभी.

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "आधी बोलायचंस की," ते म्हणाले. "तुला बरं वाटतं म्हणून करत होतो. माझा खांदा दुखतो."

सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या, अर्धी जुडी त्यांच्या पुढ्यात ठेवली, आणि दोघं निवडू लागले.